मराठवाड्यातील जंगल बदलत्या हवामानात टिकवायचे असेल, तर या चुका टाळा

मराठवाड्यात जंगल मुळातच थोडे आहे. किनवट-माहूरचा सागाचा पट्टा, गौताळ्याचा परिसर, बालाघाटाच्या रांगा आणि येडशीच्या रामलिंग घाटासारखे काही तुकडे वगळले, तर उरतात ती गायराने आणि मुरमाड माळराने. लातूर जिल्ह्यात तर वनाच्छादन एक टक्क्याहूनही कमी आहे. त्यातच १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. पावसात खंड पडला की तो लांबतो आणि पाऊस येतो तेव्हा एकदम कोसळतो. अशा हवामानात वृक्षारोपणाची जुनी घडी चालणार नाही, आणि तरीही दर पावसाळ्यात त्याच त्या चुका होताना दिसतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे उघडी दिसणारी जमीन रिकामी समजणे. तोडलेल्या डोंगरउतारावर वाकून पाहिले, तर मुरमातून पळस, धावडा, हिवर, टेंभुर्णी यांचे गुडघ्याएवढे फुटवे दिसतात. शेळ्या दरवर्षी शेंडे खातात म्हणून ते वर येत नाहीत, पण त्यांची मुळे जुनी आणि खोल गेलेली असतात. नर्सरीतल्या वर्षभराच्या रोपाला जे पाणी कधीच हाती लागणार नाही, ते या मुळांच्या आवाक्यात असते. असे फुटवे उपटून तिथे यंत्राने खड्डे घेणे म्हणजे दुष्काळ सोसण्याची तयारी आपल्याच हाताने मोडून टाकणे होय. तेथे गावाच्या संमतीने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करावी, प्रत्येक खुंटावर एक-दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे विरळावेत, आणि जिथे खरोखरच काही उगवत नाही तिथेच नवी रोपे लावावीत. चराईबंदी करताना जनावरांच्या वैरणीची सोय आधी ठरवली नाही, तर ती पहिल्या उन्हाळ्यातच मोडते.

याच्या उलट चूक गवताळ माळावर होते. पवन्या, मारवेल, कुसळी यांचा माळ हे काही उजाड झालेले जंगल नव्हे. काळवीट, लांडगे आणि मेंढपाळ त्यावरच जगतात, आणि गवताच्या मुळांमुळेच तिथली पातळ माती धरून राहते. तिथे दाट झाडी लावण्याचा आग्रह धरू नये.

एकाच जातीची लागवड हा तिसरा दोष. ग्लिरिसिडियाला गुरे सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून पाहणीच्या वेळी त्याची जगलेली रोपे भरपूर दिसतात. परंतु त्याच्या दाट गर्दीत इतर देशी झाडांना वाव मिळत नाही. नुसत्या सागाचीही तीच गत होते, कारण एक कीड किंवा एक कडक दुष्काळ सगळ्या लागवडीला एकाच वेळी गाठतो. अंजन, सालई, खैर, धावडा, मोई, आपटा, चारोळी अशी मिसळ असेल, तर एखाद्या वर्षी काही जाती मागे पडल्या तरी बाकीच्या तग धरतात. शहरातल्या छोट्या जागेसाठी मियावाकी पद्धत, म्हणजे थोड्या जागेत अनेक देशी जातींची रोपे अगदी दाट लावण्याची पद्धत, ठीक आहे, पण तिला पहिली दोन-तीन वर्षे पाणी द्यावे लागते. ज्या भागात २०१६ साली रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या डोंगरावर ती पेलणार नाही.

बियाण्याकडे तर फारच थोडे लोक लक्ष देतात. जास्त पावसाच्या प्रदेशातून आणलेल्या बियांची रोपे इथल्या मे महिन्यात हमखास होरपळतात. १९७२ चा आणि अलीकडचे दुष्काळ पाहिलेली जुनी झाडे गावोगावी उभी आहेत. त्यांचा काटकपणा काही अंशी तरी बियांतून उतरतो. मात्र एकाच झाडाचे बी न घेता, एकमेकांपासून दूर असलेल्या अनेक झाडांचे आणि शक्यतो कोरड्या उतारावरच्या झाडांचेही बी मिसळावे.

लावलेली रोपे वाळताना दिसली, तर आधी कारण शोधावे. नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे असेल तर रोप जिवंत आहे, ते उपटू नये. रोप मेले असेल तर मुळे काढून पाहावीत. ती पिशवीच्या तळाशी गोल गुंडाळलेली असतील, तर दोष पिशवीत फार दिवस ठेवलेल्या रोपाचा आहे. पुढच्या वेळी लावताना पिशवीचा तळ कापून गुंडाळी मोकळी करावी. मुळे काळी पडून कुजली असतील, तर रोप सलग समतल चराच्या, म्हणजे पाणी अडवण्यासाठी उताराला आडव्या खणलेल्या चराच्या, तळाशी लावले गेले असण्याची शक्यता असते. ते चराखालच्या मातीच्या भरावावर लावावे. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा कोवळी मुळे तोडतात, म्हणून दिवाळीनंतर लगेच रोपाभोवतीची माती हलवून भुसभुशीत करावी आणि वर पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे. या आच्छादनामुळे आगीचा धोका वाढतो, तेव्हा होळीच्या आधीच जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत-पाचोळा काढून मोकळे ठेवलेले पट्टे, साफ कराव्यात. जगलेल्या रोपांची मोजणी लागवडीनंतर चार महिन्यांनी करून थांबू नये; ती तिसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीस, जातीनिहाय करावी, म्हणजे पुढच्या वर्षी कोणते बी गोळा करायचे ते त्या नोंदीवरून ठरवता येईल.