मुंबईचा ज्वालामुखी दगड ओळखताना या चुका टाळा

मुंबई म्हणजे दख्खनचा काळा दगड, असं घरूनच ठरवून येणारे फार दिसतात. सह्याद्रीतला बराचसा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. मुंबई आणि तिच्या उत्तरेकडच्या साष्टी बेटावरचा ज्वालामुखी मात्र त्यानंतरही काही काळ जागा होता आणि त्याने बेसाल्ट म्हणजे त्या काळ्या दगडाखेरीज रायोलाइट आणि ट्रॅकाइट हे फिकट लाव्हा-दगड, तसंच ज्वालामुखीच्या राखेचा टफही मागे ठेवले. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची भिंत पाहा: कुर्ल्याचा निळसर बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर ट्रॅकाइट शेजारी शेजारी बसवलेत. रंग नीट पाहायला शिकायचं असेल तर आधी तिथे जा.

सगळ्यात महागात पडणारी चूक कान्हेरीच्या लेण्यांपाशी होते. तिथल्या दगडात लहानमोठे तुकडे रुतलेले दिसतात. एका सहलीत एका मुलाने दोन मिनिटांत ‘पिंडाश्म (गोल गोटे चिकटून झालेला दगड), नदीचा गाळ’ असं वहीत लिहिलं आणि नकाशावर प्राचीन नदीही काढली. शेजारच्या चौघांनी ती उतरवून घेतली! सगळ्यांना थांबवून मी एकच काम दिलं: तुकड्यांच्या कडा जवळून पाहा. नदीतला गोटा वाहून वाहून गुळगुळीत होतो; हे तुकडे कोनदार होते. म्हणजे ती ज्वालामुखी ब्रेक्सिया, ज्वालामुखीच्या कोनदार तुकड्यांचा दगड. पाचही नकाशे खोडावे लागले. नाव लिहिण्याची घाई मला मुळीच सहन होत नाही. दगड ओला करावा, भिंग लावावं, कडा आणि कण पाहावेत, आधी वर्णन लिहावं आणि नाव सगळ्यात शेवटी. माझी सवय हीच आहे. लेण्यांवर हातोडा चालवायचा नाही, हे वेगळं सांगायला लागू नये.

अंधेरीची गिल्बर्ट टेकडी म्हणजे ज्वालामुखीचं तोंड समजू नका. तिचे उभे खांब थंड होताना आकसलेल्या दगडाच्या भेगांमुळे झाले, आणि भोवतालचा दगड खाणींनी काढून नेल्यामुळे ती आज अशी एकटी उभी दिसते. माथ्यावर विवर शोधू नका; तिथे गावदेवीचं मंदिर आहे.

मोबाइलवर फोटो टाकून दगडाचं नाव विचारू नका. वरची पिवळी-तपकिरी साल म्हणजे झिजलेला दगड. फोटोत तीच येते.

थर सपाट धरू नका. पनवेलच्या बाजूला ते पश्चिमेकडे वाकलेत, मुंबईतही समुद्राकडे कललेत. नती, म्हणजे थराचा उतार, किमान दोन जागी मोजा, कारण सुटलेला धोंडा घसरलेलाही असू शकतो.