कटिंगचे व्यायाम मागण्याआधी या चुका टाळा

"सर, मास आलाय, आता कटिंगचे व्यायाम द्या." म्हणजे स्नायू भरलेत, आता चरबी उतरवून ते उठून दिसतील असे व्यायाम हवेत. लग्नसराई जवळ आली की जिममध्ये हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर येतं. गेली कित्येक वर्षं माझं उत्तर एकच आहे: कटिंगचा असा वेगळा व्यायाम नसतो. स्नायू वाढतो ताणाने आणि उठून दिसतो वरची चरबी उतरल्यावर. ती उतरते जेवण आटोक्यात ठेवल्याने. केबल क्रॉसओव्हरने छातीला कट्स पडत नाहीत आणि क्रंचेस मारून पोटावरचीच चरबी जाते असंही नाही. ती आधी कुठून उतरणार, हे शरीर ठरवतं.

माझ्याकडे एक पोरगा होता. बेंचवर, म्हणजे आडवं पडून रॉड छातीवरून वर ढकलताना, 80 किलोचे सहा स्वच्छ रेप्स (एकेक उचल म्हणजे एक रेप) मारायचा. लग्न ठरलं आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने स्क्वॉट, बेंच, रोइंग सगळं बंद केलं. हलके डंबेल, पंचवीस-पंचवीस रेप्स, रोज तीनशे क्रंचेस, आणि रात्रीचं जेवण जवळपास बंद. अडीच महिन्यांत नऊ किलो उतरले. मग एक दिवस बेंचवर आला, तर 60 किलोचे चार रेप्स मारून रॉड ठेवून दिला. खांद्यावर शर्ट लोंबत होता आणि कमरेची वळी होती तिथेच होती. "सर, वजन उतरलं, पण बॉडी कुठे गेली?" म्हणाला. मला फार वाईट वाटलं, कारण ती दीड वर्षाची मेहनत होती.

म्हणून कटिंगमध्येही मी मोठे व्यायाम तेच ठेवतो: स्क्वॉट, बेंच, रोइंग, ओव्हरहेड प्रेस, रोमानियन डेडलिफ्ट. दमछाक झाली तर एखादा सेट (सलग मारलेल्या रेप्सची एक फेरी) कमी करतो, रॉडवरच्या प्लेट्स शक्यतो नाही. सत्तर किलोच्या माणसाचं आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ झालं. प्रोटीन किलोमागे 1.6 ग्रॅम धरा, म्हणजे त्याला दिवसाला साधारण 110 ग्रॅम. चार अंड्यांतून जेमतेम पंचवीस मिळतात, तेव्हा बाकीचा हिशोब घरीच मांडा. जास्त रेप्सने स्नायू वाढत नाही असंही नाही. आठ मारा नाहीतर वीस, शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत. आणखी दहा सहज निघत असताना डंबेल खाली ठेवलात तर त्या सेटचा फारसा उपयोग नाही.

दुसरी चूक म्हणजे आरशात दिसतं तेवढंच करणं. सोमवारी बेंचसाठी रांग लागते, पुल-अप बार मात्र मोकळा असतो. छाती वाढते, पाठ तशीच राहते आणि समोरून धिप्पाड वाटणारा माणूस बाजूने पोक काढल्यासारखा दिसतो. मी ढकलण्याचे जेवढे सेट देतो तेवढेच ओढण्याचे देतो, आणि नवख्याला आधी ओढायला लावतो. दंड जाड हवा म्हणून रोज बायसेप्स मारणाऱ्यांनो, दंडाचा मोठा हिस्सा मागच्या ट्रायसेप्सचा असतो. डोक्यामागे डंबेल नेऊन एक्स्टेंशन करा, म्हणजे कोपर सरळ करत तो वर न्या.

अर्धे रेप्स तर मला बघवत नाहीत. तालमीतला पोरगा बैठक मारताना पूर्ण खाली जातो. इथे लेग प्रेसवर प्लेट्सचा ढीग लावतात आणि गुडघा चार बोटं वाकतो. निम्मं वजन काढा, पूर्ण खाली या.

मिस्टर ऑलिम्पिया या बॉडीबिल्डिंग स्पर्धेतल्या माणसाचा व्यायामाचा तक्ता सहा महिने जिम केलेल्या शरीरावर लादू नका.

आणि दर आठवड्याला "स्नायूंना शॉक" म्हणून व्यायाम बदलणं सोडा. नव्या व्यायामाचे पहिले दोन-तीन आठवडे तो नीट जमण्यातच जातात, आणि तेवढ्यात तुम्ही तो सोडून दिलेला असतो. माझी मुलं दहा-बारा आठवडे तेच व्यायाम करतात आणि वजन-रेप्स वहीत लिहितात. नवा व्यायाम मागायला आलेल्याची मी आधी वही बघतो. मागच्या महिन्यापेक्षा एखादा रेप जरी वाढला असेल, तर व्यायाम बदलून देत नाही.