दोन खोल्या काढाव्यात की एकच मोठी?

गच्चीवर १२ बाय २० फुटांची जागा आहे असं धरू. आधी खडूने जमिनीवर आखा: पलंग ५ बाय साडेसहा फूट, कपाट २ फूट खोल. साडेचार इंची भिंत घातली की प्रत्येक खोली जेमतेम पावणेदहा बाय बारा उरते. पलंग आणि कपाट समोरासमोरच्या भिंतींना लावल्यावर मधे पावणेतीन फूट मिळतात, म्हणजे कपाटाचं दार उघडतं. हीच रुंदी ८ फूट असती तर मधे फूटभरच राहतो. दार पलंगाला अडतं, मग सरकत्या दाराचं कपाट घ्यावं लागतं. रुंदी ८ फुटांकडे जाऊ लागली की दोन खोल्यांचा हट्ट सोडावा.

प्रत्येक खोलीला बाहेरच्या भिंतीत खिडकी हवीच. दुसऱ्या खोलीची वाट पहिलीतून जात असेल तर पहिली झोपायची खोली नव्हे, बोळ. वेगळा पॅसेज काढलात तर ३ फूट गेलेच.

विटांची भिंत खाली बीम नसताना स्लॅबवर चढवू नका. स्लॅब वाकतो, भिंतीला तडे जातात. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून हलके ब्लॉक वापरा. निर्णय होत नसेल तर आज मोठीच खोली बांधा, पण दोन दारं, दोन खिडक्या आणि दोन्हीकडे स्विचबोर्ड आत्ताच ठेवा.