नव्वद फ्रेमांचे आवर्तन: विद्यार्थी म्युझिक व्हिडिओच्या चित्रीकरणाचा आणि संकलनाचा अनुभव

आमच्या गाण्याची लांबी बरोबर चार मिनिटे होती. ठेका दादऱ्याचा आणि लय मिनिटाला १०० मात्रांची होती. म्हणजे सहा मात्रांचे एक आवर्तन ३.६ सेकंदांत पुरे होई आणि सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने ते संकलनाच्या टाइमलाइनवर, म्हणजे दृश्ये क्रमाने मांडायच्या पट्टीवर, नेमक्या ९० फ्रेमांत बसे. हे साधे गणित मी चित्रीकरण आटोपल्यावर, संकलनाच्या चौथ्या दिवशी मांडले. ते आधी मांडले असते तर निम्म्याहून अधिक अडचणी उभ्याच राहिल्या नसत्या, असे मला आज खात्रीने वाटते. जनसंज्ञापनाच्या अभ्यासक्रमात किंवा हौसेने पहिला म्युझिक व्हिडिओ करायला निघालेल्या मित्रमैत्रिणींनी गाणे आधी सेकंदा-सेकंदाने ओळखावे आणि मग कॅमेऱ्याला हात लावावा, एवढ्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या सत्रात आमच्या चौघांच्या गटाला हा प्रकल्प करायचा होता आणि त्यासाठी सहा आठवडे मिळाले होते. पहिला आठवडा गाणे ठरवण्यातच गेला. एखादे जुने, सर्वांच्या ओठांवरचे गाणे घ्यावे, असा सूर निघाला होता. गाणे जुने आहे म्हणजे ते वापरायला मोकळे आहे, हा समज विद्यार्थ्यांत सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार गीतावरचा आणि संगीतरचनेवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे गीत मोकळे झालेले असले तरी त्याचे विशिष्ट ध्वनिमुद्रण मोकळे असेलच असे नाही. आमच्या गटातल्या गायिका मैत्रिणीची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते, हे कळल्यावर हा प्रश्न सुटला. परंपरेने चालत आलेल्या ओव्या, त्यांवर मैत्रिणीने बांधलेली नवी चाल, आरंभी आजींचा स्वतःचा आवाज आणि पुढे मैत्रिणीचे गाणे, अशी रचना ठरली. आजींना सर्व काही नीट समजावून सांगून त्यांची लेखी संमती घेतली. घरातल्या माणसांचा कसला कागद करायचा, असा संकोच वाटतो. पण चित्रीकरण उद्या कोठे दाखवले जाईल हे आपल्यालाच ठाऊक नसते, तेव्हा तो कागद करावाच.

चित्रीकरणासाठी प्रथम वाईजवळच्या मेणवलीचा घाट डोळ्यांसमोर होता. कृष्णेचा तो घाट आणि त्यालगतचा नाना फडणवीसांचा वाडा फार सुंदर आहे, यात शंका नाही. पण तो इतक्या चित्रपटांत दिसला आहे की, पाहणाऱ्याला गाण्याआधी ते चित्रपट आठवतात. शिवाय जात्याचे गाणे वाड्याच्या वैभवात शोभले नसते. शेवटी वाई तालुक्यातच, आजींच्या राहत्या घराच्या माजघरात आणि गावाजवळच्या नदीकाठावर चित्रीकरण करायचे ठरले. जागा पाहायला आम्ही एकदाच आणि तेही दुपारी चार वाजता गेलो, ही पहिली चूक. माजघराच्या पूर्वेकडच्या झरोक्यातून सकाळी उन्हाची जी तिरीप येते, ती तासाभरात जात्यावरून सरकत भिंतीवर चढते. आम्ही तीन तास टेक घेत राहिलो आणि संकलनात लागोपाठच्या दोन ओळींमध्ये ऊन जात्यावरून थेट भिंतीवर उडी मारू लागले. ज्या वेळी चित्रीकरण करायचे आहे, त्याच वेळी जागा पाहावी आणि ऊन कोठे कोठे फिरते हे दर अर्ध्या तासाने फोनवर टिपून ठेवावे.

माजघरात उजेड कमी पडतो म्हणून आम्ही घरातला एलईडी दिवा लावला. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीअधिक होत असतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण शटरचा वेग जुळला नाही तर चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. मुख्य कॅमेरा २५ फ्रेम आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे शटर या मांडणीवर होता, म्हणून त्यात काही बिघडले नाही. दुसरा कॅमेरा म्हणून वापरलेला फोन मात्र स्वयंचलित मांडणीवर, ३० फ्रेमांवर राहिला होता. त्यातल्या पहिल्या दोन टेकांत आजींच्या चेहऱ्यावरून पट्टे सरकत आहेत आणि ते काही केल्या गेले नाहीत. फोन वापरायचा असेल तर फ्रेमचा वेग, शटर, फोकस आणि रंगछटा हाताने ठरवून पक्के करता येतील असे ॲप घ्यावे. फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात फ्रेमचा वेग आतल्या आत किंचित बदलत राहतो, आणि अशा फाइलमध्ये आरंभी नेमके जुळलेले ओठ तिसऱ्या मिनिटाला गाण्यापासून सुटतात.

आता जात्याविषयी. ओठ जुळवण्याचे टेक म्हणजे ध्वनिमुद्रित गाणे स्पीकरवर वाजवायचे आणि त्याबरोबर गाणाऱ्याने गात राहायचे. त्या वेळी जात्याचा आवाज नको, म्हणून आम्ही आजींना जाते नुसतेच, दाणे न घालता, सावकाश फिरवायला सांगितले. त्यांनी खुंट्यावरचा हात काढून घेतला. “आरं पोरांनो, मोकळं जातं फिरवाया लावताय व्हय? दगडाला दगड खातोय त्यानं,” असे म्हणून त्यांनी सुपातली मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात घातली आणि मगच हात चालवला. दाण्यांच्या थराशिवाय दोन्ही तळ्या, म्हणजे जात्याचे वरचा आणि खालचा दगड, एकमेकींवर घासून झिजतात, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. ज्या कामाचे चित्रीकरण करायचे आहे ते काम आदल्या दिवशी, कॅमेरा बाजूला ठेवून, निदान एकदा संपूर्ण पाहिले पाहिजे. आम्ही ते पाहिले असते तर आणखी एक गोष्ट ध्यानात आली असती. प्रत्येक टेकला जात्याभोवती पिठाचे कडे वाढत होते. आम्ही दुसरा अंतरा आधी आणि पहिला अंतरा नंतर चित्रित केला, त्यामुळे व्हिडिओत पीठ आधी भरपूर दिसे आणि मग कमी होई. शेवटी पहिल्या अंतऱ्यात जात्याची खालची बाजू दिसणारी सगळी दृश्ये वगळावी लागली, आणि त्यांत दोन फार चांगली होती.

याहूनही मोठा प्रश्न लयीचा होता. गाणे मेट्रोनोमवर, म्हणजे ठरलेल्या लयीत टकटक करणाऱ्या यंत्रावर, ध्वनिमुद्रित केलेले, तर आजींचा हात स्वतःच्या लयीत चालणारा. घास घातला की जाते जड होते आणि फेरा लांबतो; दाणे सरत आले की तो हलका आणि जलद होतो. स्पीकरवरच्या ठेक्याशी त्यांनी हात जुळवावा म्हणून आम्ही दोन टेक आग्रह धरला. त्या दोन टेकांत त्यांचा चेहरा अवघडलेला दिसतो. गाणारी, दळणारी बाई त्यांत नाही, सूचना ऐकणारी बाई आहे. पुढचे टेक आम्ही त्यांच्या लयीवर सोडून दिले, आणि व्हिडिओत आजींची जी दृश्ये राहिली ती सगळी त्यानंतरचीच आहेत.

नदीकाठच्या चित्रीकरणात एका कडव्यासाठी संथ गतीचे दृश्य हवे होते, पण ओठही जुळायला हवे होते. त्याची रीत सोपी आहे: गाणे स्वर न बदलता दुप्पट वेगाने वाजवायचे, सेकंदाला ५० फ्रेमांनी चित्रित करायचे आणि संकलनात ते २५ वर आणायचे. हालचाल निम्म्या वेगाची होते आणि ओठ मूळ गाण्याशी जुळतात. मात्र गाणाऱ्याला दुप्पट वेगाने शब्द उच्चारावे लागतात. मैत्रिणीने दोन संध्याकाळ त्याचा सराव केला, तरीही ‘ळ’ आणि ‘ण’ असलेले शब्द घाईत पुसट होत. म्हणून या पद्धतीसाठी कमी शब्दांची, लांब स्वरांची ओळ निवडावी.

त्याच दिवशी एक दूरचे दृश्य घेतले. मैत्रीण पलीकडच्या काठावर गात होती, स्पीकर तिच्या पायाशी आणि कॅमेरा सुमारे ७० मीटरवर, अलीकडच्या काठावर. संकलनात नेहमीप्रमाणे कॅमेऱ्याने टिपलेला आवाज आणि मूळ गाणे यांच्या ध्वनिलहरी सॉफ्टवेअरने आपोआप जुळवून दिल्या. लहरी तंतोतंत जुळल्या, आणि तरीही ओठ शब्दांच्या आधी हलत होते. अर्धा दिवस मी फाइल, फ्रेमचा वेग, सॉफ्टवेअर यांत दोष शोधत बसलो. दोष कशातच नव्हता. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. ७० मीटरला त्याला एक पंचमांश सेकंद लागतो, म्हणजेच ५ फ्रेम. चित्र कॅमेऱ्याकडे तत्काळ पोचले होते आणि आवाज पाच फ्रेम उशिराने. ते दृश्य पाच फ्रेम पुढे सरकवल्याबरोबर ओठ जुळले. दूरचे दृश्य घेताना कॅमेऱ्याजवळ गाण्याची दुसरी प्रत वाजवण्याच्या भानगडीत पडू नये. अंतराचा अंदाज वहीत लिहून ठेवावा आणि संकलनात तेवढ्या फ्रेम मोजाव्यात.

चित्रीकरणातून आमच्याजवळ साडेतीन तासांचे चित्र जमले. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने तासाला ४५ गिगाबाइट होतात, म्हणजे एकूण दीडशे गिगाबाइटहून अधिक. प्रत्येक कार्ड त्याच संध्याकाळी दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून, फाइली उघडून पाहिल्याशिवाय पुसायचे नाही, हा नियम आम्ही पाळला आणि म्हणून काहीही गमावले नाही. संकलन डाविंची रिझॉल्व्हच्या विनामूल्य आवृत्तीत केले. विद्यार्थ्यांच्या कामाला ती पुरेशी आहे. लॅपटॉप अडखळत असेल तर प्रॉक्सी फाइली, म्हणजे त्याच दृश्यांच्या हलक्या प्रती, आधी करून घ्याव्यात, कारण अडखळणाऱ्या चित्रावर लय कळत नाही.

पहिली जुळणी मी दर आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, कट देऊन केली. ९० फ्रेम, कट. ९० फ्रेम, कट. पहिले अर्धे मिनिट ते फार नेटके वाटले. पुढे पाहताना मात्र कंटाळा येऊ लागला, कारण पुढचा कट कधी येणार हे पाहणाऱ्याला आधीच कळत होते. आमच्या शिक्षकांनी ती जुळणी आवाज बंद करून पाहायला सांगितली. आवाजाशिवाय पाहिल्यावर लक्षात आले की, आजींचा हात फेऱ्याच्या मध्यावर असतानाच मी तो तोडत होतो. तबल्याची सम राखण्यासाठी हाताची सम मोडत होतो. मग टाइमलाइनवर आवर्तनांच्या खुणा तशाच ठेवून प्रत्येक दृश्यात आजींचा हात खुंटा स्वतःकडे ओढून घेतो त्या फ्रेमवर दुसरी खूण केली. जेथे या दोन खुणा तीन-चार फ्रेमांच्या आत आल्या तेथे कट ठेवला आणि कट हाताच्या खुणेवर दिला, समेवर नव्हे. जेथे त्या दूर होत्या तेथे दृश्य तोडलेच नाही. अशा रीतीने दुसऱ्या अंतऱ्यात एक दृश्य चौदा सेकंद सलग राहिले: आजी घास घालतात, जाते जड होते, कपाळावरचा पदर मागे सारतात आणि दम घेऊन पुन्हा ओढू लागतात. माझ्या मते सबंध व्हिडिओत तेच दृश्य सर्वांत चांगले आहे. गायिकेच्या बाबतीतही असेच दिसले. ओळ सुरू होण्यापूर्वी ती जो श्वास घेते, तो कापून थेट शब्दावर आलो की गाणे वरून चिकटवल्यासारखे वाटे. श्वासाचे सात-आठ फ्रेम ठेवले की ती खरोखर गाते आहे असे वाटे. नवख्यांनी कटाची जागा शब्दावर शोधण्यापेक्षा श्वासावर शोधावी, असे मी सुचवेन.

रंगसंस्करणात आम्ही फार काही केले नाही. फोनची दृश्ये मुख्य कॅमेऱ्याच्या जवळ आणली आणि ज्वारीच्या पिठाचा पांढरा रंग निळसर दिसू नये एवढी काळजी घेतली.

ध्वनीविषयी मात्र शेवटच्या दिवशी नवेच काही कळले. चित्रीकरणाच्या अखेरीस, सर्व कॅमेरे बंद करून, आम्ही आजींचे दळण आणि ओव्या ४० मिनिटे नुसत्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या, आणि त्यातली जात्याची घरघर व्हिडिओच्या आरंभी वापरली होती. हेडफोनवर ती भरदार वाटे. तोच व्हिडिओ फोनच्या स्पीकरवर लावला तेव्हा घरघर जवळजवळ नाहीशी झाली, कारण एवढ्याशा स्पीकरला तितके खालचे स्वर वाजवताच येत नाहीत. आमचे बहुतेक प्रेक्षक फोनवरच पाहणार होते. मग घरघर वाढवण्याचा प्रयत्न सोडून दगडावर दाणा चिरडतानाची वरच्या पट्टीतली खरखर थोडी उचलली आणि जाते फोनवरही ऐकू येऊ लागले. अंतिम प्रत हेडफोन, लॅपटॉप आणि साधा फोन अशा तिन्ही ठिकाणी ऐकल्यावरच आम्ही ती जमा केली.

श्रेयनामावलीत ‘ओव्या आणि जाते’ या ओळीखाली आजींचे नाव सर्वांत आधी घातले. व्हिडिओसोबत ते ४० मिनिटांचे मूळ ध्वनिमुद्रणही, कोठेही न कापता, एका पेनड्राइव्हमध्ये भरून त्यांच्या घरी नेऊन दिले.