जुन्या जीपचा तीन गिअरचा बॉक्स: घरच्या घरी काय दुरुस्त होतं

महिंद्राने १९४७ साली मुंबईत विलीस जीप जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-३बी ही गाडी वर्षानुवर्षं इथेच बनत राहिली. तिच्यात टी-९० नावाचा बॉक्स येतो: तीन गिअर पुढचे, एक रिव्हर्स, लिव्हर जमिनीतून, आणि मागे चिकटलेली ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणारा डबा). चार गिअरवाल्या नंतरच्या जीपचा बॉक्स वेगळा आहे, त्याला खालची मापं लावू नका.

गिअर निसटतो किंवा लिव्हर झुलते म्हटलं की लगेच बॉक्स उतरवायचा सल्ला मिळतो. घाई करू नका. या बॉक्सच्या बऱ्याच तक्रारी टॉप कव्हरमध्येच मिटतात, आणि जमिनीचा मधला पत्रा काढला की कव्हर गाडीवरच निघतं.

पाना हातात घेण्याआधी दोष कुठे आहे ते ठरवा. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबा, पाच-सहा सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही खरखर झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही. गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही. आवाज न्यूट्रलमध्ये येतो आणि क्लच दाबल्यावर थांबतो, तर पुढचं बेअरिंग किंवा काउंटर गिअर (मेन शाफ्टला समांतर फिरून बाकीच्या गिअरना ताकद देणारा संच) संशयित. पहिल्या-दुसऱ्यात घरघर आणि टॉपमध्ये, म्हणजे तिसऱ्यात, शांत, तर काउंटर गिअरच बघा, कारण टॉपमध्ये ताकद सरळ पुढून मागे जाते, काउंटर गिअरवर भार येत नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावर टॉप निसटत असेल तर आधी बेल हाउसिंगचे (क्लचवरच्या कवचाचे) बोल्ट आणि खालचं रबर माउंटिंग तपासा. इंजिन आणि बॉक्स एका रेषेत नसतील तर आतले नवे पार्टही टॉप धरून ठेवणार नाहीत.

आता कव्हर. चाकांना पुढूनमागून ठोकळे लावा, लिव्हर न्यूट्रलला ठेवा, बोल्ट काढा आणि कव्हर सरळ वर उचला. उघड्या बॉक्सवर लगेच स्वच्छ फडकं टाका. आत पडलेला एक नट पूर्ण बॉक्स उतरवायला लावतो.

लिव्हरचं खालचं टोक निरखून बघा. घासून ते दोन बाजूंनी चपटं झालेलं असतं, आणि फोर्कच्या (आतला गिअर सरकवणाऱ्या चिमट्याच्या) ज्या खाचेत ते बसतं ती खाच रुंदावलेली असते. त्यामुळे लिव्हर दोन खाचांच्या मध्ये अडकते आणि गाडी चौकात गिअरमध्येच राहते. टोकावर वेल्डिंगचा थर चढवा, हवेतच गार होऊ द्या (पाण्यात बुडवलं तर ठिसूळ होईल), आणि कानशीने घासत खाचेत लावून बघा. मोकळं सरकलं पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. एका वेळी थोडंच घासा. लिव्हर फिरू न देणारी छोटी पिन झिजली असेल तर तीही याच वेळी बदला.

मग गोळ्या आणि स्प्रिंगा. दोन्ही रेलवर (फोर्क ज्यांवर पिनने बसवलेले असतात त्या सरकत्या दांड्यांवर) खाचा असतात आणि स्प्रिंगने दाबलेली गोळी त्या खाचेत बसून गिअर धरून ठेवते. स्प्रिंग ढिली पडली की दुसरा गिअर उतारावर निसटतो. फोर्कची पिन काढून रेल हळूहळू ठोकताना गोळीच्या भोकावर अंगठा ठेवा, नाहीतर गोळी थेट अंगणात जाते. दोन्ही स्प्रिंगा जोडीनेच बदला. जुन्या स्प्रिंगखाली वॉशर घालून ताण वाढवायची पद्धत आहे. पातळ वॉशर चालतं, जाड घातलं तर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतात, गोळी मागे सरकत नाही आणि गिअर पडतच नाही. रेलच्या खाचेची कड गोल झाली असेल तर रेल बदला, खाच खोल करत बसू नका.

दोन रेलच्या मध्ये एक छोटा प्लंजर असतो. तो दोन्ही रेल एकदम हलू देत नाही. दुसरी रेल घालण्याआधी तो जागेवर आहे याची खात्री करा. तो राहिला तर दोन गिअर एकदम पडतात आणि बॉक्स जाम होतो.

फोर्कची बोटं स्लीव्हच्या (शाफ्टवर सरकून गिअर पकडणाऱ्या कड्याच्या) खोबणीत घालून फिलर गेजने फट मोजा. एका बाजूला चकचकीत आणि खोलगट झिजलेलं बोट म्हणजे फोर्क वाकलेला. पितळी झाळ देऊन बोटं भरता येतात, पण वाकलेला फोर्क टाकून द्या.

एवढं करूनही दुसरा गिअर निसटला तर दोष स्लीव्ह आणि गिअरच्या छोट्या दातांत आहे, आणि आता बॉक्स उतरवावा लागेल. दोघांशिवाय आणि ट्रॉली जॅकशिवाय हे करू नका. ट्रान्सफर केस वेगळी करताना मेन शाफ्ट मागे ओढला जातो आणि सिंक्रोचे (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या जोडणीचे) सुटे भाग बॉक्सच्या तळाला पडतात. म्हणून दुसऱ्या गिअरच्या लगेच मागे शाफ्टला तारेचा फास टाका, आवळा, आणि तारेची टोकं कव्हरच्या पुढच्या डाव्या-उजव्या बोल्टला बांधून मगच केस ओढा.

आत सगळ्यात जास्त फायदा काउंटर गिअरच्या वॉशरांतून मिळतो. मागची लॉक प्लेट काढून शाफ्ट पितळी पंचाने मागच्या बाजूला ठोका. निघालेले सुईसारखे रोलर मोजा आणि तेवढेच परत बसवा. बसवताना लेथवाल्याकडून शाफ्टपेक्षा किंचित बारीक आणि गिअर व वॉशर मिळून होईल तेवढ्याच लांबीचा डमी शाफ्ट करून घ्या. रोलर ग्रीसने चिकटवा आणि खरा शाफ्ट डमीला ढकलत आत घाला. काउंटर गिअरचा पुढे-मागे प्ले ०.०१२ ते ०.०१८ इंच, म्हणजे साधारण ०.३० ते ०.४५ मिमी हवा. कमी-जास्त असेल तर मागच्या स्टील वॉशरची जाडी बदलून जमवा. पुढच्या ब्राँझ वॉशरची जीभ बॉक्सच्या खाचेत बसलीच पाहिजे.

सिंक्रोची ब्रास रिंग गिअरच्या कोनावर दाबून फिरवा. पकडली पाहिजे. घसरत असेल, किंवा रिंग आणि छोट्या दातांमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली असेल, तर नवी घाला. दातांवरचे बारीक ओरखडे तेलाच्या दगडाने साफ करा. मोडका दात वेल्डिंगने भरून देणारे भेटतील, नको म्हणा. गिअरचा कडकपणा वरच्या पातळ थरात असतो, तो उष्णतेने जातो आणि भरलेला दात तुटून बाकीचे दातही घेऊन जातो. त्यापेक्षा कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा दिल्लीचं मायापुरी इथे चांगला जुना गिअर शोधा, आणि घासणारी जोडी एकाच बॉक्समधली घ्या.

पुढच्या बेअरिंगच्या रिटेनरचं (झाकणाचं) पॅकिंग कापताना तेल परत जायची वाट झाकू नका, नाहीतर तेल क्लच प्लेटवर येतं.

तेल एसएई ९०, जीएल-४ दर्जाचं घाला. जीएल-५ मधले तीव्र ॲडिटिव्ह पितळेला खातात आणि ब्रास रिंगची पकड ढिली करतात. बॉक्स आणि ट्रान्सफर केस वेगवेगळे भरा, प्रत्येकी प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. महिन्याभराने दोन्ही प्लग उघडून पाहा. एकीकडे पातळी उतरली आणि दुसरीकडे भोकातून तेल वाहू लागलं, तर मधलं सील गेलं आहे.