काळं दिसतं ते सगळं पाणी नसतं: शेवटच्या तिमाहीतल्या सोनोग्राफीबद्दल, नुकतं शिकू लागलेल्यांसाठी

रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी मी एका रिपोर्टात बाळाच्या दोन्ही किडन्यांना सूज आहे असं लिहिलं. बत्तिसावा आठवडा होता. किडनीच्या कडेने काळ्या ठिपक्यांची रांग दिसत होती. त्यातल्या एका ठिपक्यावर मी कॅलिपर (स्क्रीनवरच्या मोजायच्या खुणा) ठेवले, आकडा घेतला आणि 'हायड्रोनेफ्रोसिस', म्हणजे लघवी साठून किडनी फुगणं, असं टाइप केलं. संध्याकाळची गर्दी होती, रिपोर्ट तसाच सहीला गेला आणि तसाच बाहेर पडला. चार दिवसांनी त्या बाई पुन्हा तपासणीला आल्या तेव्हा त्यांचे डोळे रडून सुजलेले होते.

माझ्या सिनियर मॅडम मला ओरडल्या नाहीत. त्यांनी प्रोब धरलेल्या माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि प्रोब बाळाच्या मूत्राशयावर नेला. "याला काळं म्हणतात. नीट बघून घे. आता परत किडनीवर चल. ते ठिपके इतके काळे आहेत का?" नव्हते. ते करडे होते, आत बारीक दाणे दिसत होते. किडनी पूर्ण नॉर्मल होती.

हे लिहायला बसले ते त्या ठिपक्यांसाठीच. अठरा-वीस आठवड्यांच्या स्कॅनवर आपला हात बसलेला असतो. त्या वयातली किडनी बरीचशी एकसारखी करडी दिसते. शेवटच्या तिमाहीत कॉर्टेक्स (किडनीचा बाहेरचा थर) आणि मेड्युला (आतला भाग) वेगळे दिसायला लागतात. मेड्युलाचे पिरॅमिड, म्हणजे त्यातले त्रिकोणी भाग, कॉर्टेक्सपेक्षा गडद असतात, आणि गेन (चित्राचा उजळपणा) कमी किंवा कॉन्ट्रास्ट जास्त ठेवला की थेट पाणी भरल्यासारखे दिसतात. ज्याने फक्त विसाव्या आठवड्याची किडनी पाहिली आहे, त्याला हे पहिल्यांदा दिसलं की तो फसणारच.

मग ओळखायचं कसं? आधी रचना बघा. पिरॅमिड साधारण एकाच आकाराचे असतात आणि मधल्या पेल्व्हिसभोवती (किडनीतली लघवी गोळा होणारी पोकळी) शिस्तीत मांडलेले असतात. दोन पिरॅमिडच्या मध्ये कॉर्टेक्सची उजळ भिंत असते. फुगलेले कॅलिक्स (पेल्व्हिसमध्ये उघडणारे छोटे पेले) मात्र मधल्या पेल्व्हिसला जाऊन मिळतात. प्रोब हळूहळू झुकवत गेलात की ती वाट उघडलेली दिसते. पिरॅमिडपासून अशी वाट कधीच सापडत नाही. सिस्ट (पाण्याच्या गाठी) असतील तर आकार लहानमोठे आणि मांडणी विस्कटलेली असते, मधला नॉर्मल भाग हरवलेला असतो. शेवटी मॅडमची ती तुलना: त्याच सेटिंगवर मूत्राशय किंवा बाळाभोवतालचं पाणी बघायचं, मग ठिपका बघायचा. गेन थोडा वाढवा. पाणी काळंच राहतं, पिरॅमिड करडा होतो.

मोजायचं असतं ते पेल्व्हिस, कॅलिक्स नाही, पिरॅमिड तर नाहीच. आडवा छेद घ्या, पाठीचा कणा घड्याळातल्या बाराच्या किंवा सहाच्या जागी आणा आणि किडनीच्या आतला पेल्व्हिसचा पुढून मागचा व्यास आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा. २८ आठवड्यांपूर्वी ४ मिमीपेक्षा कमी आणि त्यानंतर ७ मिमीपेक्षा कमी म्हणजे नॉर्मल. कणा बाजूला असताना घेतलेला आकडा मी आता रिपोर्टात घालतच नाही. आकडा सीमेवर असेल आणि बाळाचं मूत्राशय तट्ट भरलेलं असेल, तर थोडं थांबून ते रिकामं झाल्यावर पुन्हा मोजा.

या तिमाहीत अशा फसव्या पण नॉर्मल गोष्टी आणखीही आहेत. मोठं आतडं मेकोनियमने, म्हणजे बाळाच्या पहिल्या शीने, भरून पोटाच्या कडेने ठळक दिसायला लागतं. नव्या डोळ्याला ते अडथळा येऊन फुगलेल्या आतड्यासारखं वाटतं. पोटाच्या पुढच्या भिंतीतल्या स्नायूंचा गडद पट्टा जलोदर (पोटात साठलेलं पाणी) वाटतो, पण तो बरगड्यांपाशी संपतो आणि आतड्याच्या वेटोळ्यांमध्ये कधी शिरत नाही. सदतिसाव्या आठवड्यानंतर मेंदूतला केव्हम सेप्टी पेल्युसिडी (मधोमध असलेली पाण्याची छोटी पोकळी) दिसला नाही तर ते नॉर्मल असू शकतं. हृदयाचा उजवा व्हेंट्रिकल (खालचा कप्पा) डाव्यापेक्षा किंचित मोठा वाटणं हेही या काळात चालतं. किंचित म्हणजे किंचितच. फरक डोळ्यात भरत असेल तर महाधमनीची कमान पाहिल्याशिवाय प्रोब खाली ठेवू नका.

इथे एक गोष्ट स्पष्टच सांगते. हे सगळं वाचून 'शेवटच्या तिमाहीत सगळं नॉर्मलच असतं' असा अर्थ काढलात, तर माझ्या चुकीपेक्षा मोठी चूक कराल. विसाव्या आठवड्याचा स्कॅन चांगला होता म्हणून आता फक्त वजन आणि पाणी बघायचं, हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. काही दोष उशिरा उघडे पडतात. डोक्याची वाढ मागे पडणं, हाडं आखूड राहणं, ड्युओडिनममधला (लहान आतड्याच्या सुरुवातीचा) अडथळा, खरी हायड्रोनेफ्रोसिस यांतलं बरंच काही आधीच्या स्कॅनमध्ये दिसलेलं नसतं. मेंदूतल्या लॅटरल व्हेंट्रिकलच्या (पाण्याच्या पोकळीच्या) रुंदीची १० मिमीची मर्यादा शेवटपर्यंत तीच राहते. म्हणून डोकं, हृदय, पोट, किडन्या, मूत्राशय, कणा हे सगळं प्रत्येक वेळी बघायचं.

मोजमापांत सगळ्यात जास्त घोळ पोटाच्या घेरात होतो, आणि बाळाच्या वजनाचा अंदाज त्याच्यावरच सर्वात जास्त हलतो. छेद गोल हवा, जठराचा काळा बुडबुडा दिसायला हवा, नाळेची शीर यकृतात वळते तेवढाच तिचा तुकडा दिसायला हवा. शीर लांबलचक दिसली की छेद तिरका गेलाय. किडन्या दिसल्या की तुम्ही खाली उतरला आहात. प्रोब दाबलात तर गोल पोट चपटं होतं. बाळ श्वासाच्या हालचाली करत असेल तर त्या थांबेपर्यंत वाट बघा. एवढं करूनही वजनाच्या अंदाजात साधारण १५ टक्क्यांपर्यंत चूक धरूनच चालायचं. बाळ लहान भरलं म्हणून पहिल्या तिमाहीत ठरलेली तारीख बदलायची नाही. तारीख पुढे ढकलली की वाढ खुंटलेलं बाळ कागदावर नॉर्मल होऊन बसतं.

ऑटो-मेझरमेंटचं (मशीनने आपोआप मोजण्याचं) बटण पहिले सहा महिने बंद ठेवा, असं माझं ठाम मत आहे. मशीन चुकीच्या छेदावरही सुबक लंबवर्तुळ काढून देतं, आणि मग छेदाकडे परत बघावंसं वाटत नाही. मागच्या रिपोर्टातल्या 'नॉर्मल' ओळी तशाच पुढे ओढणं तर त्याहून वाईट. बाळाची पाठ गर्भाशयाच्या भिंतीला चिकटून असेल तर 'बाळाच्या स्थितीमुळे कणा पूर्ण पाहता आला नाही' असं लिहा. त्यात कमीपणा नाही. या आठवड्यांत पाणी तुलनेने कमी असतं, हाडांच्या सावल्या पडतात, डोकं ओटीपोटात उतरलेलं असतं. ज्येष्ठांनाही सगळं दिसत नाही.

शिकवणाऱ्यांचं म्हणाल तर, छेद मिळेना म्हणून तुमच्या हातातून प्रोब काढून घेणारे सर चटकन चित्र काढून दाखवतात, पण तुमचा हात रिकामाच राहतो. हातावर हात ठेवणारं कुणी मिळालं तर त्यांची ड्युटी बघून आपली ड्युटी मागून घ्या. मी तसंच केलं. आणि हात बसत नाही म्हणून खचू नका. मला किडनीचा आडवा छेद न अडखळता मिळायला कित्येक महिने लागले.

आणखी एक, जे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. इतक्या आठवड्यांच्या बाईला बराच वेळ उताणं झोपवलं की गर्भाशयाच्या भाराने मोठी शीर दाबली जाते. चक्कर येते, घाम फुटतो. तुम्ही स्क्रीनमध्ये गुंतलेले असता आणि त्या बिचाऱ्या सांगायला संकोचतात. चेहरा पांढरा पडलेला दिसला की लगेच डाव्या कुशीवर वळवा, किंवा सुरुवातीलाच कमरेखाली उशी द्या. स्कॅन कुशीवरही होतो.

आणि त्या तुमचा चेहरा वाचत असतात. तुम्ही किडनीवर थांबलात, भुवई उंचावली, की त्यांच्या पोटात गोळा येतो. मी आता थांबण्याआधीच बोलते: "किडन्या नीट मोजायच्या आहेत, म्हणून इथे जरा वेळ लागेल. श्वास आरामात घ्या." शंका आली तर सिनियरना बोलावते, आणि ते येईपर्यंत रिपोर्टात एक शब्दही टाइप करत नाही.