कलाकृतीपुढे थांबलेला माणूस: कलादालनात मार्गदर्शक होऊ पाहणाऱ्यांसाठी

संग्रहालयात किंवा कलादालनात मार्गदर्शक म्हणून काम करू इच्छिणारी मुले-मुली मला भेटतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: आधी काय वाचू? कलेचा इतिहास, शैली, मूर्तिशास्त्र हे सारे वाचावे लागतेच आणि त्याला पर्याय नाही. परंतु मी त्यांना आधी एक वेगळे काम सांगते. मुंबईत काळा घोडा येथे १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर कलादालनात एखाद्या दुपारी जावे (प्रवेश विनामूल्य आहे), भिंतीलगत उभे राहावे आणि दोन तास चित्रांकडे नव्हे, तर चित्रे पाहणाऱ्यांकडे पाहावे. तिथे जे. जे. कलामहाविद्यालयाचे विद्यार्थी येतात, जेवणाच्या सुट्टीत फेरफटका मारणारे फोर्टमधले कर्मचारी येतात, शेजारचे संग्रहालय पाहून दमलेली बाहेरगावची कुटुंबे येतात आणि जुलैत तर केवळ पाऊस थांबेपर्यंत आत शिरलेली माणसेही येतात. अशी सरमिसळ दुसरीकडे क्वचितच सापडेल.

थोड्याच वेळात एक ठरावीक हालचाल लक्षात येते. माणूस चित्रापाशी येतो, त्यावर एक नजर टाकतो, लगेच बाजूच्या लेबलाकडे वाकतो, नाव वाचून पुन्हा चित्राकडे पाहतो, जणू नावाप्रमाणे माल मिळाला की नाही याची खातरजमा करतो, आणि पुढे सरकतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्रेक्षकांच्या नकळत वेळ मोजून केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका कलाकृतीपुढे थांबण्याचा सरासरी वेळ सुमारे २७ सेकंद आणि मध्यक, म्हणजे निम्म्या वेळा माणसे ज्याहून कमी थांबली तो वेळ, केवळ १७ सेकंद भरला होता, आणि लेबल वाचण्याचा वेळही त्यातच धरलेला होता. हे आकडे नव्या मुलांना सांगितले की ती हळहळतात. मला त्यात हळहळण्यासारखे काही वाटत नाही. बाजारात भाजी निवडणारी बाई पाच सेकंदांत वांग्याचा किडका भाग हेरते, कारण काय शोधायचे हे तिला ठाऊक असते. कलादालनातल्या माणसाची अडचण वेळेची नसून शोधायचे काय हे माहीत नसण्याची असते.

याचा पुरावा आल्फ्रेड यार्बुस या सोव्हिएत शास्त्रज्ञाच्या प्रयोगांत मिळतो. इल्या रेपिन या रशियन चित्रकाराचे एक प्रसिद्ध चित्र आहे: दीर्घकाळ दूर असलेला माणूस अचानक घरी परततो आणि खोलीतली माणसे त्याच्याकडे पाहत राहतात. यार्बुसने हे चित्र एकाच व्यक्तीला पुन्हा पुन्हा दाखवले, दर वेळी वेगळा प्रश्न दिला आणि डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. या माणसांची वये काय असतील असे विचारले, तेव्हा नजर चेहऱ्याचेहऱ्यांवर फिरली. कपडे लक्षात ठेवायला सांगितले, तेव्हा ती अंगावरच्या वस्त्रांवर गेली. घरची परिस्थिती कशी असेल असे विचारल्यावर सामानसुमानाकडेही वळली. चित्र तेच, माणूस तोच, तरीही पाहणे दर वेळी निराळे. मार्गदर्शकाच्या कामाचे मर्म मला इथे गवसले, पण ते फार उशिरा. त्याआधी मी बरीच वर्षे नुसती बोलत होते.

त्या बोलण्याची फजिती घारापुरीच्या (एलिफंटाच्या) लेण्यांत झाली. एका शाळेच्या मुलांना घेऊन गेले होते. मुख्य लेण्यात शिरताच मी थेट महेशमूर्तीपुढे जाऊन उभी राहिले आणि सुरुवात केली: ही सहाव्या शतकातली, सुमारे २० फूट उंचीची मूर्ती, लोक हिला ब्रह्मा-विष्णू-महेश समजतात पण ते चूक आहे, हा शिवच आहे, ही तिन्ही मुखे त्याचीच, मधला तत्पुरुष, एकीकडे उग्र अघोर, दुसरीकडे सौम्य वामदेव. माहिती बरोबर होती. मुले मात्र एकमेकांना ढकलत होती, आणि शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या एका आजींनी, त्या आमच्याच लाँचमधून आल्या होत्या, माझ्याकडे वळून शांतपणे विचारले, "बाई, जरा बाजूला होता का? दिसत नाही." मी मूर्तीच्या अगदी पुढ्यात उभी होते.

त्या दिवशी परतताना लाँचमध्ये मला आणखी एक साधी गोष्ट उमगली, जी कोणत्याही पाठ्यपुस्तकाने मला सांगितली नव्हती. बाहेरच्या लख्ख उन्हातून माणूस आत येतो. अंधाराला डोळे सरावायला काही मिनिटे लागतात, पुरते सरावायला तर वीस मिनिटांहून अधिक. महेशमूर्ती प्रवेशद्वाराच्या समोरच्या भिंतीत, लेण्याच्या खोल भागात आहे. म्हणजे ज्या क्षणी मी अघोर आणि वामदेव यांतला फरक सांगत होते, त्या क्षणी मुलांना त्या दोन मुखांपैकी एकही धड दिसत नव्हते! तेव्हापासून मी गटाला आधी खांबांमध्ये रेंगाळू देते, चार दारांच्या गर्भगृहाभोवती फिरवते, द्वारपालांची उंची आपल्या उंचीशी ताडून पाहायला सांगते, आणि डोळे सरावल्यावर मूर्तीसमोर आणून एवढेच विचारते: उजवीकडचा आणि डावीकडचा चेहरा सारखा आहे का? पुढल्या खेपेला एका मुलाने डावीकडच्या मुखाची मिशी हेरली. दुसरी मुलगी म्हणाली, उजवीकडच्याच्या हातात कमळ आहे आणि तो बाईसारखा वाटतो. मग सगळेच माना वळवून तपासू लागले आणि अघोर, वामदेव ही नावे त्यांनीच मागून घेतली.

त्या आजींविषयीही थोडे सांगायला हवे, कारण नवे मार्गदर्शक नेमके इथे चुकतात. आपल्याकडे शिल्पापुढे उभा राहणारा माणूस पुष्कळदा दर्शनाला आलेला असतो. संग्रहालयाच्या दालनात ठेवलेल्या विष्णुमूर्तीपुढेही लोक हात जोडतात, काही जण चपला काढू पाहतात, कुणी पायांशी नाणे ठेवून जाते. ही देवळातली मूर्ती नव्हे, असे त्यांना ऐकवण्याचा मोह होतो. तो टाळावा. दर्शन घेणारा माणूस मूर्तीचे डोळे, मुद्रा, हातांतली आयुधे बारकाईने पाहत असतो, कारण देव ओळखायचा असतो. कित्येकदा त्याला शंख-चक्र-गदा-पद्म यांचा क्रम आपल्या अभ्यासवर्गातल्या विद्यार्थ्यापेक्षा चोख ठाऊक असतो. स्पर्शाला मात्र रोखावे लागते, कारण हातांचा घाम आणि तेलकटपणा दगडात मुरतो. तेही "हात लावू नका" असे खेकसून नव्हे, तर कारण सांगून. कारण कळले की आजी स्वतःच नातवाचा हात मागे ओढतात, असा माझा अनुभव आहे.

आधुनिक चित्रांपुढे अडचण उलटी असते. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रासमोर, जिथे ओळखू येईल अशी एकही वस्तू नाही, चांगली शिकलीसवरलेली माणसे कानकोंडी होतात आणि हळू आवाजात म्हणतात, "आम्हाला यातलं काही कळत नाही." त्या वाक्यात शाळेत न आलेल्या उत्तराची शरम असते. दुसरे वाक्य, "हे तर आमचा बंटीही काढेल," हे त्याच शरमेचे रागीट रूप. अशा वेळी चित्रकाराची थोरवी सांगू नये. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरायच्या सुरीने) रंगाचे थर चढवीत आणि खरवडून काढीत एवढे सांगून, सगळ्यात खालचा रंग कोणता असेल असे विचारावे. माणसे पुढे झुकतात, मग दोन पावले मागे जातात, बाजूने पाहतात. एक निवृत्त गृहस्थ, भिंती रंगवण्याच्या धंद्यात आयुष्य गेलेले, असे पंधरा मिनिटे उभे राहिले आणि कोणता थर ओला असताना दुसरा आला हे मलाच समजावून सांगू लागले.

"कितीला आहे?" या प्रश्नालाही हसू नये. पाहणाऱ्याला आपल्या अधिकारातला वाटणारा तो एकच प्रश्न असतो. आणि अभिप्रायाच्या वहीत "अप्रतिम", "खूप छान", "सुंदर प्रदर्शन" याशिवाय काही सापडले नाही तर निराशही होऊ नये. "छान" हा आपल्याकडे सुटकेचा शब्द आहे. "आवडलं का?" असे विचारले की तोच मिळतो. "काय दिसतंय?" आणि त्यापाठोपाठ "कशावरून?" असे विचारले की माणूस पुन्हा चित्राकडे वळतो. फिलिप येनावाइन आणि अबिगेल हाउसन यांनी अमेरिकेत याच धाटणीच्या प्रश्नांवर एक शिकवण्याची पद्धत उभारली आहे. तिचा अभ्यास जरूर करावा, मात्र मराठी मुलांसमोर "कशावरून?" हा शब्द उलटतपासणीसारखा ऐकू येऊ शकतो, म्हणून त्याचा सूर सांभाळावा लागतो.

शिक्षणाचे म्हणाल तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, आणि मुंबईतही या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पदवी उपयोगी पडते, पण पहिली काही वर्षे मानधन तुटपुंजे असते आणि पुष्कळदा ते वेळेवर येत नाही, हे घरी आधीच सांगून ठेवावे. एका संस्थेत तर माझे काम दिवसाला किती गट "उरकले" यावर मोजले जाई. एका तासात चाळीस वस्तू दाखवण्याचा हुकूम होता. संग्रहालयातला थकवा हा विषय बोस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी १९१६ सालीच छायाचित्रांसह मांडला होता: वाकून, उकिडवे बसून, मान वाकडी करून वस्तू पाहणाऱ्या माणसाची ती छायाचित्रे होती. मी ती व्यवस्थापकांना दाखवली. त्यांनी पाहिली, छान आहेत म्हणाले, आणि चाळीसचा आकडा तसाच राहिला.

हल्ली मी एका तासात चार वस्तू घेते, फार तर पाच, आणि त्यांतली एक अशी निवडते की जिच्यासमोर बाक आहे. गट बसला की पहिली दोन मिनिटे काहीच बोलत नाही. नव्या मार्गदर्शकांना हीच दोन मिनिटे सर्वांत जड जातात. ते घड्याळ पाहतात, घसा खाकरतात. त्यांना मी गटाच्या मागे, सगळ्यांच्या पाठीकडे तोंड करून उभे करते. तिथून माना दिसतात, कोणती कुठे वळते आहे, कोणती परत वळून आली आहे, आणि पहिला प्रश्न कुणाला विचारायचा हे त्यावरून ठरवता येते.